एका शून्याचा घोळ

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एका शून्यानें जो घोळ घातला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाचें आम्ही बरेच दिवस लांबणीवर टाकीत होतों. घरांतल्या गोष्टी चारचौघांत सांगाव्यात कीं नाहीं, हा एक प्रश्न. आणि या गोष्टींत आमचें घराणें फारसें उजळ दिसत नाहीं, हें दुसरें कारण. परंतु अलीकडे माळ्यावरचीं जुनीं नाणीं, तिकिटें, पितळेचे अडकित्ते, ग्रामोफोनच्या तबकड्या इंटरनेटवर विकण्याची चाल घरोघर पडली आहे, आणि किंमत लिहितांना चूक होणें हें तर कोणाच्याहि हातून घडण्यासारखें आहे. तेव्हां झालें तें सांगून टाकतों.

आमचे आजोबा सांगलीस शाळामास्तर होते. पगार बेताचा, घरांत माणसें चौदा. पण तिकिटें जमविण्याचा त्यांना एकच नाद होता, आणि त्या नादापायीं त्यांनीं अकरा आल्बम भरले. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आमच्या ओसरीवर चढलें तेव्हां धान्य, गाद्या, पुस्तकें, सारें गेलें; आल्बम माळ्यावर असल्यामुळें कोरडे राहिले. कोरडे म्हणजे भिजले नाहींत इतकेंच. भिंती पुढें कित्येक महिने ओलसर होत्या, आणि तिकिटांच्या पाठीवरच्या डिंकाला दमट हवेचें भारी वावडें. डिंक सुटतो, तिकीट कागदाला चिकटून बसतें, मग त्यावर गंजासारखे तपकिरी ठिपके उठतात. ते वर्षागणिक वाढत चाललेले पाहून दादा, म्हणजे आमचे थोरले बंधु, एके दिवशीं म्हणाले, "घरांत कुजविण्यापेक्षां ज्याला आवड आहे त्याच्याकडे जाऊं द्या." आजोबांचा नाद आमच्यापैकीं कोणीं उचलला नव्हता, आणि पुरापासून मागल्या भिंतीची दुरुस्तीहि राहिली होती. विकावयाचें ठरलें, आणि काम पुतण्याकडे आलें. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोटो काढणें, वर्णन लिहिणें, किंमत घालणें हें त्याच्या डाव्या हातचें.

संग्रहांत सर्वांत मोलाचें तिकीट म्हणजे १९४८ चें गांधीजींचें दहा रुपयांचें. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशीं, १५ ऑगस्ट १९४८ रोजीं, टपालखात्यानें महात्माजींच्या स्मरणार्थ चार तिकिटें काढलीं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. तीं छापलीं स्वित्झर्लंडांतल्या कुर्व्हाझिए नांवाच्या छापखान्यांत, आणि त्यांवर 'बापू' हा शब्द देवनागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. दहा रुपये ही त्या काळीं लहान रक्कम नव्हती. तेवढ्याचें तिकीट घेऊन नुसतें ठेवून देणें थोड्यांनाच परवडलें, म्हणून न वापरलेल्या प्रतीला आज मागणी फार. याच तिकिटाच्या शंभर प्रतींवर गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठीं 'सर्व्हिस' हीं अक्षरें छापलीं होतीं. त्यांपैकीं चार जोडतिकिटें २०१७ सालीं स्टॅन्ले गिबन्स या लंडनच्या पेढीनें पांच लक्ष पौंडांस विकलीं. आमचें तिकीट त्या कुळांतलें नव्हे, हें सांगावयास नकोच. तें साधें, पण कोरें, पाठीवर डिंक शाबूत, दाते अखंड. पुण्याच्या एका जाणत्या व्यापाऱ्यास दाखवून आम्हीं त्याची किंमत साडेसोळा हजार ठरविली.

पुतण्यानें रात्रीं साडेअकरा वाजतां, डोळ्यांवर झोप असतां, मोबाइलवर ती लिहिली. १६,५०० ऐवजीं १,६५०. सकाळीं चहाच्या वेळीं पाहतों तों अमरावतीकडच्या एका गृहस्थांनीं मागणी नोंदवून पैसेहि भरलेले!

घरांत एकच गलबला झाला. वहिनी म्हणाल्या, शब्द गेला तो गेला, तिकीट पाठवा. दादा म्हणाले, पंधरा हजारांचा शब्द कोणाच्या खिशांतून जातो तेंहि पाहा. पुतण्या बिचारा पांढराफटक झाला होता. त्यानें हळूच एक युक्ति काढली. "काका, काढतांना तिकीट फाटलें असें कळवून मागणी रद्द करूं. सगळे तसेंच करतात."

सगळे तसें करतात हें खरें असावें. अशा बाजारांत थोडे दिवस वावरल्यावर 'माल खराब झाला', 'माल सांपडत नाहीं' या सबबींचा अर्थ खरेदीदारांस पाठ झालेला असतो. पण तिकिटांच्या बाबतींत ही लबाडी पचण्यासारखीहि नाहीं. प्रत्येक तिकिटाची कडा निराळी, दात्यांची ठेवण निराळी, चित्र चौकटींत किंचित् डावीकडे कीं उजवीकडे तेंहि निराळें. एकदां फोटो प्रसिद्ध झाला कीं तें तिकीट माणसाच्या चेहऱ्यासारखें ओळखतां येतें. फाटून मेलेलें तिकीट दोन महिन्यांनीं साडेसोळा हजारांस जिवंत होऊन आलें, तर अमरावतीचे गृहस्थ तें पाहणार नाहींत काय? आम्हीं पुतण्यास इतकेंच सांगितलें कीं आधीं ती जाहिरात खालीं उतरव, नाहीं तर दुपारपर्यंत आणखी एखादी मागणी येईल, मग बोलूं.

आमच्या शेजारीं एक वकील राहतात. त्यांच्याकडे जाऊन बसलों. त्यांनीं जें समजावून दिलें तें सर्व गृहस्थांस उपयोगी पडेल असें वाटतें. दुकानाच्या कांचेआड मांडलेल्या वस्तूवर किंमत लिहिली म्हणजे दुकानदारानें वचन दिलें, असें कायदा मानीत नाहीं. तें नुसतें बोलावणें. गिऱ्हाईक मागणी करतें तो प्रस्ताव, आणि विकणारा तो स्वीकारतो तेव्हां करार. १९५३ सालीं इंग्लंडांत एका औषधांच्या दुकानाच्या खटल्यांत हें तत्त्व स्पष्ट झालें आणि आपल्याकडेहि तोच विचार चालतो. इंटरनेटवरच्या बाजारांत स्वीकार नेमका कोणत्या क्षणीं होतो, हें त्या त्या बाजाराच्या अटींवर असतें. कित्येक ठिकाणीं माल रवाना होईपर्यंत करार पुरा होत नाहीं असें लिहिलेलें असतें. तेव्हां पहिलें काम म्हणजे त्या अटी वाचणें. आम्हीं त्या तोंवर कधींहि वाचल्या नव्हत्या, हें येथें कबूल करतों. आमच्या बाजारांत रवानगीचाच नियम निघाला.

पण करार झालाच असता तर? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें एकाच पक्षाची चूक झाली एवढ्यावरून करार मोडतां येत नाहीं. विसाव्या कलमांत दोन्ही पक्षांच्या चुकीबद्दल सांगितलें आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणांत एक मार्मिक वाक्य आहे: वस्तूच्या मोलाविषयीं चुकीचा समज ही वस्तुस्थितीविषयींची चूक समजूं नये. म्हणजे सोन्याची वाटी पितळेच्या भावानें दिली, तर दिली. मोल कळलें नाहीं हा तुमचा दोष. मात्र हातून अंक चुकला, आणि समोरच्याला तें कळत असून त्यानें तो झेलला, तर कोर्टें निराळा विचार करतात. लंडनमध्यें १९३९ सालीं अर्जेंटिनांतल्या सशांच्या कातड्यांचा एक खटला झाला. बोलणीं चाललीं होतीं नगावर, आणि विकणाऱ्यानें चुकून भाव लिहिला पौंडावर. एका पौंडांत सुमारें तीन कातडीं बसतात! न्यायाधीशांनीं म्हटलें, ही चूक असणार हें घेणाऱ्याला कळावयासच हवें होतें, करार नाहीं. सिंगापुरांत २००३ सालीं एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरांचें छपाईयंत्र ६६ डॉलरांस लागलें. सहा मित्रांनीं एका रात्रींत १,६०६ यंत्रें मागविलीं. २००५ सालीं वरिष्ठ कोर्टानेंहि त्यांना हात हलवीत परत पाठविलें. हे निर्णय आपल्या कोर्टांस बंधनकारक नाहींत, तरी त्यांतला विचार समजण्यासारखा आहे. सारें येऊन थांबतें तें एका ठिकाणीं: घेणाऱ्याला माहीत होतें काय?

आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत नेमकें हेंच सांगणें कठिण. छपाईयंत्राची किंमत ठरलेली असते. गांधीजींचें दहा रुपयांचें तिकीट मात्र कोरें असलें तर एक भाव, टपालाचा शिक्का बसलेलें असलें तर दुसरा, दाते तुटले कीं तिसरा. शिवाय या तिकिटाच्या बनावट प्रती बाजारांत पुष्कळ आहेत, आणि स्वस्त किंमत हीच पुष्कळदां बनावटीची खूण असते. १,६५० हा आंकडा पाहून एखाद्यानें 'यांत कांहीं तरी खोड असणार, तरी पाहूं' असें प्रामाणिकपणें मानलें असेल. किंवा त्यानें आमचें वर्णन, दोन्ही बाजूंचे फोटो नीट पाहिले असतील, आणि शून्य गळालें हें ओळखून घाईघाईनें पैसे भरले असतील. दुसऱ्याच्या मनांत शिरण्याचें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

दुपारीं आम्हीं स्वतः पत्र लिहिलें. पुतण्याला लिहूं दिलें नाहीं. त्यांत सबब घातली नाहीं. किंमत साडेसोळा हजार ठरली होती, लिहितांना शून्य राहून गेलें, चूक सर्वस्वीं आमची, आपल्याला त्रास झाला याबद्दल दिलगीर आहों. पैसे आजच परत करीत आहों. तिकीट आपल्याला हवेंच असेल तर चौदा हजारांस प्रथम आपल्याला देऊं. इतकेंच. पैसेहि ज्या वाटेनें आले त्याच वाटेनें, त्याच बाजाराच्या मार्फत, परत केले. फोन करून खातेक्रमांक विचारण्याच्या भानगडींत पडलों नाहीं. कारण जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारांत भामट्यांचा इतका सुळसुळाट झाला होता कीं ऑगस्ट २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेला आपल्या नांवानें दलाली उकळणाऱ्यांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. अशा दिवसांत परक्याला खातेक्रमांक विचारणारा माणूस चोरच वाटावयाचा.

उत्तर संध्याकाळीं आलें. "चूक तुमची. मीं ती कां सोसावी? तिकीट पाठवा."

राग आला, पण उत्तर खोटें म्हणतां येईना. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही पुन्हां तोच विषय काढला. कोपऱ्यांत आत्याबाई वाती वळीत बसल्या होत्या. दिवसभर त्या कांहीं बोलल्या नव्हत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, तें तिकीट आपल्या घरांत आलें कसें, हें तुम्हांला ठाऊक आहे का?"

आम्हांला ठाऊक होतें. आजोबा ती गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगत. १९६२ च्या सुमारास पेठेंतल्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक कागदांचें पुडकें दिसलें. त्यांत एक लिफाफा, आणि लिफाफ्यांत तें तिकीट. पुडक्याला रद्दीवाल्यानें दीड रुपया सांगितला. आजोबांनीं घासाघीससुद्धां केली नाहीं, कारण घासाघीस केली असती तर त्यानें पुडकें उलगडून पाहिलें असतें! तिकिटावर दहा रुपये ही अक्षरें छापलेली होतीं. ही चतुराई ऐकून आम्ही मुलें हंसत असूं.

"तीं पुडकीं वकिलीणबाईंचीं," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या पलीकडच्या गल्लींत राहत. वकील गेले, आणि त्यांनीं घरांतले कागद वजनावर घातले. पुढें त्या लोकांकडे स्वयंपाकाला जात. मी त्यांच्या मुलीबरोबर शाळेंत होतें. आजोबांना लिफाफ्यावरचें नांव वाचतां येत नव्हतें असें नाहीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग पुतण्यानें आजोबांची बाजू घेतली, आणि ती वाईट घेतली नाहीं. त्यानें अमेरिकेंतली १९१८ सालची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनच्या टपालकचेरींत एका संग्राहकानें २४ सेंटांचीं शंभर तिकिटें २४ डॉलर देऊन घेतलीं. त्यांवरचें विमान उलटें छापलेलें होतें. टपालखात्याचे अधिकारी तीं परत मागावयास आले, त्यानें दिलीं नाहींत, आणि आठवड्याभरांत १५,००० डॉलरांस विकलीं. त्याला आजवर कोणीं चोर म्हटलेलें नाहीं. ज्याला माहिती त्याचें फळ. संग्राहकाचा धंदाच त्यावर चालतो. (१९६२ सालीं मात्र तेथल्या टपालखात्यानें निराळा उपाय केला. हॅमरशील्डच्या तिकिटांत पिवळा रंग उलटा पडला, तेव्हां खात्यानें जाणूनबुजून तीच चूक पुन्हां छापून चार कोटी तिकिटें बाजारांत ओतलीं, आणि ज्यांना मूळ चुकीचीं तिकिटें मिळालीं होतीं त्यांच्या घबाडाचें पाणी झालें. सरकारला असा सूड परवडतो.)

"टपालखातें आणि वकिलीणबाई सारख्याच कां रे?" आत्याबाईंनीं विचारलें, आणि वाती उचलून त्या आंत गेल्या.

त्यांच्या प्रश्नानें आमची पंचाईत केली. कायद्याच्या दृष्टीनें आमचें शून्य ही हाताची चूक, ती सुधारतां येण्याजोगी. वकिलीणबाईंचें अज्ञान ही मोलाविषयींची चूक, तिच्यावर इलाज नाहीं. कायद्याची ही वांटणी आम्हांला व्यवहारांत पटते. उद्यां प्रत्येक विक्रेता 'मला मोल ठाऊक नव्हतें' म्हणून माल परत मागूं लागला तर बाजार बसेल. पण त्या रात्रीं ती वांटणी आमच्या फारच सोयीची वाटली, हेंहि खरें. गृहस्थांना तिकीट १,६५० रुपयांस द्यावें, असें मात्र आमचें मत झालें नाहीं. दीडशें-दोनशें रुपयांचा फरक असता तर मुकाट्यानें पाठविलें असतें. तेवढा दंड निष्काळजीपणाला योग्यच. पंधरा हजार ही रक्कम एकट्या आमची नव्हती, आणि माल रवाना होण्याच्या आधीं, चोवीस तासांच्या आंत, खरें सांगून पैसे परत केल्यावर त्या गृहस्थांचें कांहीं गेलेंहि नव्हतें. गेला तो त्यांचा आनंद. तो जातो तेव्हां काय वाटतें, हें संग्राहकाच्या नातवांस समजावयास हरकत नाहीं. म्हणून त्याच संचांतलें साडेतीन आण्यांचें एक कोरें तिकीट आमच्याजवळ जास्तीचें होतें, तें पत्रासह त्यांना विनामूल्य पाठवून दिलें.

त्यांनीं पोंच दिली नाहीं. आमच्या नांवापुढें पांचांपैकीं एक तारा देऊन 'शब्द पाळीत नाहींत' असा शेरा तेवढा लिहिला. पुतण्यानें त्याला उत्तर देण्याची परवानगी मागितली. आम्हीं दिली नाहीं.

श्रावणांत उलटा प्रकार झाला. आजोबांच्या जुन्या पाकिटांचा एक लहानसा आल्बम आम्हीं नऊशें रुपयांस विकला होता. तो पोंचल्यावर पुण्याच्या व्यापाऱ्यानें फोटो पाहून सांगितलें कीं त्यांतल्या एकाच पाकिटाचे तेवढ्याच्या चौपट आले असते. आतां दादा पाहूं लागले आमच्याकडे. आम्हीं घेणाऱ्याला कांहीं लिहिलें नाहीं. किंमत आम्हीं विचार करून ठरविली होती, फक्त विचार अपुरा होता. वहिनी तेवढ्या हंसल्या, म्हणाल्या, "वकिलीणबाईंचे चार आणे फिटले."

दहा रुपयांचें तिकीट मात्र आम्हीं पुन्हां बाजारांत ठेविलें नाहीं, कारण आत्याबाईंनीं हट्ट धरला कीं आधीं वकिलांच्या घरचें कोणी सांपडतें का पाहा. त्यांच्या शाळेंतल्या मैत्रिणी एकमेकींस विचारीत गेल्या, आणि वकिलीणबाईंचा नातू कोल्हापुरांत निघाला. दादांनीं फोन करून सारी हकीकत सांगितली. विक्रीचा कांहीं भाग तुम्ही घ्यावा, असेंहि म्हटलें. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. पैशांची गोष्ट त्यांनीं मनावर घेतली नाहीं. आमच्या आजीनें रद्दी विकली, तिकीट नव्हे, असें म्हणाले. मग विचारूं लागले, तो लिफाफा अजून आहे का? त्यावर आजोबांचें अक्षर असेल. त्यांच्या हातचा एकहि कागद आमच्याकडे राहिलेला नाहीं.

लिफाफा होता. आल्बमच्या मागल्या खिशांत आजोबांनीं तो घडी करून ठेविला होता, आणि किमतीच्या यादींत पुतण्यानें त्याच्यापुढें कांहींच लिहिलें नव्हतें. आत्याबाईंनीं तो दोन पुठ्ठ्यांमध्यें घालून स्वतः बांधला आणि स्पीड पोस्टानें पाठविला.

तिकीट भाद्रपदांत साडेसोळा हजारांस ठेविलें. आंकडा पुतण्यानें लिहिला, वहिनींनीं वाचला, दादांनीं मोठ्यानें म्हटला आणि मग कळ दाबली. तें अजून गेलेलें नाहीं. परवां अमरावतीहून निरोप आला. याच संचांतलें बारा आण्यांचें आहे काय, असल्यास किंमत कळवावी; आणि खालीं एक ओळ: या वेळीं शून्यें मोजून लिहा.